भाड्याचे घर भाड्याचेच राहू द्या

मे महिना लागला की लालबाग-परळच्या गल्ल्यांत सामान लादलेले छोटे टेम्पो दिसू लागतात. मुलांचे निकाल लागलेले असतात, नवी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची असते. अकरा महिन्यांचा करार संपलेली कुटुंबे याच मधल्या दिवसांत बिऱ्हाड हलवतात. गुंडाळलेल्या गाद्या, गॅसची शेगडी, देव्हारा, फ्रीज आणि त्यावर आडवी ठेवलेली मुलाची सायकल. कुणी गणेश गल्लीतून काळाचौकीला जाते, पण बहुतेक टेम्पो जातात ते दिवा, नालासोपारा, बदलापूरकडे. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. या दोन्ही दिवसांसाठी लालबाग-परळचे गिरणगाव रस्त्यावर उतरले होते. त्याच गिरणगावात आज कमावत्या माणसाला परवडेल अशी भाड्याची खोली मिळत नाही. कामगार दिनाला भाषणे पुष्कळ होतात, म्हणून या एका प्रश्नाबद्दल सविस्तर बोलण्याची गरज वाटते.

गिरणगाव उभे राहिले ते भाड्याच्या खोलीवर, हे आज विसरले गेले आहे. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला किंवा घाटावरून रेल्वेने आलेला तरुण मुंबईत घर घ्यायला आला नव्हता. तो गावकीच्या खोलीत आला. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली ती खोली. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, प्रत्येकाची वळकटी, पाळीप्रमाणे झोपणे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. भाडे वाटून द्यायचे आणि जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेही याच भागात. महिन्याच्या महिन्याला मालकाचा मेहता येऊन भाडे घेई आणि पावती देई. ती भाडेपावती घरात जपून ठेवली जाई. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादीतले नाव, सगळ्याची सुरुवात तिच्यापासून होई. एवढ्या तुटपुंज्या जागेत माणसे राहिली याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या खोल्यांत क्षय होता, गळणारे छप्पर होते, सामाईक नळावर पहाटेपासूनची रांग होती. पण नवख्या माणसाला हाताशी भांडवल नसताना, कर्ज न काढता, कामापासून पायी जाण्याच्या अंतरावर या शहरात पाय ठेवायला जागा मिळत होती. आज ती मिळत नाही.

त्या खोल्या बांधल्या कुणी? बऱ्याच खासगी मालकांनी, काही गिरण्यांनी आणि पुष्कळशा सरकारने. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडणे, नवे रस्ते काढणे आणि उठवलेल्या माणसांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. बीआयटी चाळी त्या याच. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ भाडेकरू म्हणून राहिले. ट्रस्टनंतर आले बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी). गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ते सुरू केले. औद्योगिक कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या, प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे साडेसोळा हजार खोल्या. ५० हजारांचा आकडा कधीच गाठला गेला नाही.

या चाळींचा सुरुवातीचा इतिहास नव्या धोरणकर्त्यांनी जरूर वाचावा. नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळी भरल्या, कारण गिरणीचा भोंगा तिथून ऐकू येत होता. वरळीच्या चाळी मात्र वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात रिकाम्या पडून होत्या. तेव्हाची वरळी कामापासून दूर होती, पाणी आणि बाजार यांची सोय अपुरी होती, आणि काँक्रीटच्या त्या कोंदट इमारतींत कामगाराला राहावेसे वाटत नव्हते. सरकारने घर बांधले की माणूस आपोआप राहायला येतो हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला होता.

त्याच दशकात युरोपात व्हिएन्ना शहराने हाच प्रश्न हाती घेतला. तिथल्या महापालिकेने १९२३ पासून घरबांधणीसाठी वेगळा कर लावला. मोठ्या घराला जास्त, लहान घराला कमी. त्या पैशांतून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे बांधली गेली. १९३० मध्ये पूर्ण झालेली कार्ल मार्क्स होफ ही एक किलोमीटरहून लांब वसाहत त्यातलीच. तिच्यात धुलाईघर होते, बालवाड्या होत्या, वाचनालय होते. महत्त्वाचे म्हणजे ती घरे महापालिकेने विकली नाहीत. आज व्हिएन्ना महापालिकेकडे सुमारे सव्वादोन लाख भाड्याची घरे आहेत आणि साधारण दर चौथा व्हिएन्नावासी त्यांत राहतो. मुंबईत कापसाच्या गाठीवर कर होता, व्हिएन्नात घरावर. दोन्हीकडे सुरुवात एकाच सुमारास झाली. वाटा वेगळ्या झाल्या त्या नंतरच्या शंभर वर्षांत. त्यांनी भाड्याची घरे वाढवली, सांभाळली, दुरुस्त केली. आपण ती मोडकळीला येऊ दिली आणि मग मालकी हक्काने वाटून टाकली.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तीन-तीन पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्या माणसांना ते घर मिळाले याचा आनंद आहे, आणि त्यांच्या हक्कावर बोट ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण शासनाच्या हिशेबवहीत एक नोंद राहून गेली आहे. कामगारांसाठी बांधलेल्या पंधरा हजारांहून अधिक सरकारी भाड्याच्या खोल्या या शहरातून कायमच्या वजा होत आहेत. त्यांच्या जागी नव्याने येणाऱ्या कामगारासाठी भाड्याची किती घरे उभी राहणार, असा प्रश्न विधिमंडळात किंवा रस्त्यावर कुणी आग्रहाने विचारल्याचे आठवत नाही.

खासगी चाळींचे काय झाले? पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडे नियंत्रण कायदा आला. त्यानंतर १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण भाडे ठरवले. भाडेकरूला मालकाच्या मर्जीने रस्त्यावर येऊ न देणे हा या कायद्याचा गाभा योग्य होता, आजही योग्य आहे. त्या संरक्षणाशिवाय गिरणगाव १९८२ च्या गिरणी संपातही टिकले नसते. पगार बंद झालेल्या हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर राहिले ते या कायद्यामुळे. चूक झाली ती भाडे गोठवण्यात. तांदूळ, सिमेंट, मजुरी सगळे वाढले आणि भाडे मात्र १९४० मध्ये थांबले. त्यामुळे दुरुस्ती बंद झाली आणि भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणेही बंद झाले. मालकांची उरलीसुरली हिंमत १९७३ च्या दुरुस्तीने घालवली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लोक नुसत्या परवान्यावर राहत होते, ते कायद्याने भाडेकरू ठरले. त्यांच्या दृष्टीने तो न्याय होता. पण ‘घर भाड्याने दिले की गेले’ ही भीती मुंबईकर मालकाच्या मनात तेव्हा जी बसली, ती कायदा बदलला तरी निघालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी झाल्याचे डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली, पागडीला, म्हणजे भाडेहक्कासाठी द्यायच्या एकरकमी रकमेला, कायद्याची मान्यता मिळाली. आधारच इतका खालचा होता की चार टक्क्यांनी काही भागले नाही.

मधल्या काळात इमारती कोसळत होत्या. म्हणून १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर लावणारा कायदा झाला आणि दुरुस्ती मंडळ आले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आज त्यांतल्या तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. लालबागमधून चालताना टेकू लावलेल्या सज्जाखालून जावे लागते तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर असतो. या इमारतींचा पुनर्विकास व्हावा म्हणून विकास नियंत्रण नियमावलीत ३३ (७) हे कलम आहे. जुन्या भाडेकरूंना मोफत मालकीची घरे द्यायची, बिल्डरला जास्तीचे चटई क्षेत्र द्यायचे, त्याने वरची घरे बाजारभावाने विकून खर्च आणि नफा काढायचा. या मार्गाने पुष्कळ कुटुंबांना चांगली घरे मिळाली. पुष्कळांना मिळालीही नाहीत. घर रिकामे करून दिल्यावर बिल्डरने काही महिने भाडे दिले, मग थांबवले, आणि माणसे विरार-कल्याणला जी गेली ती परतलीच नाहीत. ज्यांना घर मिळाले त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. पावतीवर किरकोळ भाडे भरणाऱ्या निवृत्त माणसाला आता लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च हजारांच्या घरात भरावा लागतो. आणि त्याच्या दोन मुलांची लग्ने झाली की एक बिऱ्हाड वेगळे होणारच. त्या धाकट्यासाठी लालबागमध्ये भाड्याचे घर कुठे आहे? चाळ गेली, तेव्हा तिच्याबरोबर पोटभाडेकरूची खोली गेली, गावकीची खोली गेली, चार नर्सनी मिळून घेतलेली खोली गेली. या माणसांना कोणत्याही यादीत जागा नव्हती, म्हणून त्यांची मोजदादही झाली नाही.

हे देशभर झाले आहे. १९६१ मध्ये भारताच्या शहरांतली निम्म्याहून अधिक, ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेत ती २८ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच जनगणनेने शहरांत १ कोटी ११ लाख घरे रिकामी असल्याचे दाखवले. भाड्याचे घर मागणारे रस्त्यावर आणि घरे कुलुपात, ही स्थिती बाजाराला सोडवता आलेली नाही. ती सोडवणे हे सरकारचे काम आहे, आणि सरकारने प्रयत्न केले नाहीत असेही नाही. त्या प्रयत्नांचा शेवट काय झाला ते पाहणे मात्र उद्बोधक आहे.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला चार चटई निर्देशांक द्यायचा, त्यातल्या एका हिश्शातून त्याने भाड्याची घरे बांधून एमएमआरडीएला मोफत द्यायची, बाकीची घरे विकायची. पाच वर्षांत पाच लाख घरांचे स्वप्न होते. घराचे क्षेत्रफळ ठरले १६० चौरस फूट. लॉइडसाहेबांच्या चाळीतल्या खोलीएवढेच. ऐंशी-नव्वद वर्षांत कामगाराच्या वाट्याची जागा एका फुटानेही वाढली नाही याचा कुणी विचार केला होता का? योजना जिथे जमीन स्वस्त तिथे गेली, म्हणजे पनवेल, ठाण्याच्या बाजूला. घरे अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली. जी झाली ती भाड्याने द्यायची कशी, भाडे वसूल कोण करणार, देखभाल कोण पाहणार, याची यंत्रणाच नव्हती. ठाण्यात धोकादायक इमारतींतून काढलेल्या लोकांना तिथे ठेवले गेले. आणि पनवेलजवळच्या कोन गावातल्या घरांचा शेवट तर थेट गिरणगावाशी जोडलेला आहे. १६० चौरस फुटांची दोन-दोन घरे एकत्र करून ३२० चौरस फुटांचे एक घर केले गेले, आणि डिसेंबर २०१६ च्या सोडतीत अशी २,४१७ घरे गिरणी कामगारांना सहा लाख रुपयांत मालकीने देण्यात आली. पुढे ताबा मिळेपर्यंत कोविड आला, ती घरे विलगीकरणासाठी घेतली गेली, आणि वृद्ध कामगारांची प्रतीक्षा आणखी लांबली.

कोनच्या या एका निर्णयात दोन अन्याय एकदम झाले. ज्याने लालबागच्या गिरणीत आयुष्य घातले त्याला पनवेलच्या पलीकडे पाठवले गेले, आणि भाड्यासाठी बांधलेली घरे भाड्याच्या साठ्यातून काढून टाकली गेली. गिरणी कामगाराचा घराचा हक्क हा भरपाईचा हक्क आहे. १८ जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हणजे म्हाडाच्या, घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली, म्हणजे बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. त्याआधी २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्या विकल्या. लोअर परळची एकटी मुंबई टेक्सटाईल ७०२ कोटींना गेली. ती सार्वजनिक जमीन होती. तिच्या चौथ्या हिश्शावर जरी भाड्याची घरे बांधली असती, तरी आजचे गिरणगाव वेगळे दिसले असते. २०१२ मध्ये पहिली सोडत ६,९२५ घरांची निघाली. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्जदार आणि आजवर मिळालेली घरे पंधरा-सोळा हजार. आता मुंबईबाहेरच्या शेलू आणि वांगणीची नावे पुढे केली जात आहेत. कामगारांचा त्याला विरोध आहे आणि तो रास्त आहे. त्यांचे देणे मालकीच्या घराने, आणि शक्य तितके मुंबईतच, फेडले पाहिजे. पण त्यासाठी उद्याच्या कामगाराची भाड्याची घरे वापरणे म्हणजे आजोबाचे कर्ज नातवाच्या ताटातून वळते करणे आहे.

केंद्र सरकारने २०२० च्या जुलैमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना जाहीर केली. टाळेबंदीत लाखो मजूर महामार्गांवरून चालत गावी निघाले होते, ते दृश्य ताजे होते. शहराने त्यांना काम दिले होते, निवारा दिला नव्हता, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. योजनेचा एक भाग म्हणजे आधीच्या सरकारी योजनांतली पडून असलेली घरे दुरुस्त करून भाड्याने देणे. चंदीगड, सुरत अशा काही शहरांनी ते केले. मुंबईला त्याचा उपयोग झाला नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र जागा मिळाली. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यात घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये आणि तंट्यांसाठी भाडे प्राधिकरण व भाडे न्यायालय असावे, असे आहे. आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतरचे हे पहिले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक, आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा स्पष्ट उल्लेख. याचे स्वागत आहे. भाड्याचे घर म्हणजे ज्याला विकत घेता आले नाही त्याचे घर, हा दृष्टिकोन सरकारी कागदावर तरी बदलतो आहे.

मात्र धोरणाच्या ब्रीदवाक्यातच ‘माझे घर, माझे अधिकार’ आहे. मालकीचा ओढा आपल्याकडे किती खोल आहे ते यातून दिसते. भाड्याच्या घरांबाबत आमचा आग्रह एका गोष्टीसाठी आहे: सरकारी जमिनीवर किंवा सरकारी चटई क्षेत्राच्या बदल्यात जे घर भाड्यासाठी बांधले जाईल ते कधीच विकता येणार नाही, असे कायद्यात लिहिले जावे. नुसता शासन निर्णय पुरणार नाही, कारण पुढचे सरकार तो एका रात्रीत फिरवते. मिळकत पत्रिकेवरच तशी नोंद हवी. काही वर्षे भाड्याने आणि मग मालकीने, हा मधला मार्ग निवडणुकीला सोयीचा आहे, पण त्याने पहिल्या भाडेकरूला घर मिळते आणि दुसऱ्याला काहीच उरत नाही. केईएम रुग्णालयात आज रुजू झालेली परिचारिका दहा वर्षांनी स्वतःचे घर घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिच्या जागी नवी मुलगी यायला हवी. एका घराने तीस वर्षांत चार-पाच कुटुंबांना उभे केले पाहिजे.

सरकार वाईट घरमालक असते, हा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांतली घुसखोरी, थकलेली भाडी, गळके पाइप सगळ्यांनी पाहिले आहेत. त्याचे मूळ भाड्यात आहे. देखभालीच्या खर्चाहून कमी भाडे ठरवले की इमारत पहिल्या दिवसापासून पडायला लागते. १९४० चे गोठलेले भाडे आपल्याला तेच शिकवून गेले. म्हणून भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाएवढे असावे, दरवर्षी थोडे वाढावे, आणि देखभालीसाठीचा भाग वेगळ्या खात्यात राहावा, ज्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येणार नाही. उत्पन्न आणि खर्च यांतली तूट शासनाने उघडपणे, अर्थसंकल्पात दाखवून भरावी. रोजच्या कारभारात भाडेकरूंची समिती असावी. गिरणगावाला हे शिकवावे लागणार नाही. ज्या चाळींनी सार्वजनिक गणेशोत्सवाचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जाहीर फळ्यावर लावले, त्यांना पाण्याच्या पंपाचा हिशेब ठेवणे जड नाही.

यात एक अडचण अशी आहे जी कायद्याने सुटणारी नाही, आणि तिचा अनुभव लालबागने घेतला आहे. मे २०२१ मध्ये म्हाडाने हाजी कासम चाळीच्या जागेवर झालेल्या नव्या इमारतींतली १०० घरे टाटा कर्करोग रुग्णालयाला देण्याचा निर्णय घेतला. ही घरे पुनर्विकासात म्हाडाच्या वाट्याला आलेली होती. टाटामध्ये देशभरातून रुग्ण येतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि नातेवाईक परळच्या फुटपाथवर ताडपत्री बांधून राहतात, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तरीही स्थानिक रहिवाशांकडून आक्षेप आला, जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली, आणि रुग्णालयाला भोईवाड्याला बॉम्बे डाईंगच्या आवारातली १०० घरे दिली गेली. रुग्णांची सोय झाली हे चांगले झाले. पण त्या आक्षेपाचा विचार करायला हवा. ज्यांनी विरोध केला ती माणसे वाईट नव्हती. मोठ्या प्रतीक्षेनंतर मिळालेल्या घरात सतत बदलणारी, अनोळखी माणसे शेजारी येणार, याची भीती कुणालाही वाटू शकते. तरी हेही खरे की आपले आजोबा एकेकाळी याच गल्ल्यांत अनोळखी म्हणूनच उतरले होते आणि कुणीतरी त्यांना खोलीत जागा करून दिली होती. आज एकट्या स्त्रीला, मुसलमान कुटुंबाला, मासे खाणाऱ्याला मुंबईच्या अनेक सोसायट्यांत भाड्याचे घर नाकारले जाते. मराठी माणसाला नाकारले की आपण संतापतो, आणि संतापलेच पाहिजे. तोच संताप लालबागमध्ये बिहारच्या रुग्णाला शेजार नाकारला जातो तेव्हाही यायला हवा. सरकारी भाड्याच्या घरांचे वाटप सोसायटीच्या मर्जीवर सोडता कामा नये, आणि त्यासाठी अशा इमारती वेगळ्या, स्वतःचा व्यवस्थापक असलेल्या असाव्यात, हा त्या प्रसंगातून घेण्याचा व्यवहारी बोध.

खासगी घरमालकांनाही यात घ्यावे लागेल. गिरणगावात आज एक-दोन खोल्या भाड्याने देणारा मालक हा बहुतेकदा स्वतःच कामगाराचा मुलगा आहे. पुनर्विकासात मिळालेले घर भाड्याने देऊन तो आईवडिलांचे औषधपाणी चालवतो. त्याला घर वेळेवर परत मिळेल याची खात्री हवी आणि भाडेकरूला मुदतीआधी घालवले जाणार नाही याची. आजच्या कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे बंधनकारक आहे आणि मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय आहे. तंट्यांचा निकाल ठरावीक दिवसांत लागेल एवढे मनुष्यबळ त्या प्राधिकाऱ्याकडे दिले पाहिजे. करार तीन वर्षांचे व्हावेत, दरवर्षीची वाढ करारातच लिहिलेली असावी, अनामतीला मर्यादा असावी. मालकाने असे दीर्घ करार केले तर मालमत्ता करात सवलत द्यावी. अकरा महिन्यांनी पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, पुन्हा मुलाची नवी शाळा, हे चक्र त्याने थांबू शकते.

आणि जागा? मुंबईत जमीन नाही, हे उत्तर गिरणगावात चालणार नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात अजून गिरण्यांच्या जमिनी आहेत आणि महामंडळाच्या ११ चाळींचा पुनर्विकास व्हायचा आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या प्रत्येक पुनर्विकासात म्हाडाला वाढीव घरे मिळतात. आज ती सोडतीत विकली जातात, आणि सोडतीत नाव लागूनही दक्षिण मुंबईची किंमत परवडत नाही म्हणून विजेते घर परत करतात, हे दर सोडतीनंतर वाचायला मिळते. शिवडीपासून भायखळ्यापर्यंतच्या पट्ट्यात अशी जी घरे यापुढे म्हाडाकडे येतील त्यांतली निम्मी तरी विकायची नाहीत, असा निर्णय शासन येत्या अधिवेशनात घेऊ शकते. त्याला नवी जमीन लागत नाही, बिल्डरशी नवा सौदा लागत नाही. पहिली शंभर घरे केईएम, वाडिया आणि टाटातल्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांना द्यावीत, कारण ही माणसे रातपाळी संपवून पहाटे वसई-कल्याणची गाडी पकडतात. पुढची घरे लोअर परळच्या कार्यालयांतल्या सुरक्षारक्षकांना, उपाहारगृहांतल्या पोरांना, चाळीतून वेगळ्या होणाऱ्या धाकट्या मुलांना. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर खानावळीसाठी आणि पाळणाघरासाठी जागा राखून ठेवावी, आणि ती चालवायला इथल्याच महिलांच्या संस्थांना द्यावी. गृहनिर्माणमंत्र्यांनी त्या अधिवेशनात एवढेच सांगावे की गिरणगावात म्हाडाकडे आज अशी किती घरे आहेत आणि त्यांतली किती ते भाड्यासाठी कायमची राखणार आहेत.